मान जरा डावीकडे

मिरजेच्या माणसाला नवलाचं फारसं काही वाटत नाही. एका गल्लीत भोपळ्याची सतार होते, पलीकडच्या गल्लीत माणसाच्या काळजाची झडप बदलून मिळते. अशा गावात चकित व्हायचं तरी कितीदा? पण रझिया मुल्लाणीनं वडिलांच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत ते यंत्र आणून बसवलं आणि अख्खं गाव खुळावलं. भाजी घेताना, बिनड्रायव्हरच्या बसची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत जो तो दुसऱ्याला एकच विचारायचा, "काय, तुमचा सापडला का?"

सापडायचा कोण, तर फोटो काढणारा.

आठवून बघा. सहलीच्या फोटोत सगळे असतात. आत्या असते, आत्याची पाण्याची बाटली असते, ज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही असा आत्याच्या दिराचा मेहुणाही असतो. नसतो तो एकच, ज्यानं कॅमेरा धरला. रझियाचं यंत्र त्या गैरहजर माणसाला हाताला धरून बाहेर आणायचं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण गावानं बारसं उरकून टाकलं होतं: डोळेउकल.

मग काय, रोज एक गंमत. बँकेतून निवृत्त झालेले ठोमके साहेब वाघासमोर उभं राहून फोटो काढल्याची हकिगत सांगून सांगून म्हातारे झाले होते. यंत्रानं वाघाच्याच डोळ्यात डोकावून पाहिलं, तर कॅमेरा जीपच्या ड्रायव्हरच्या हातात, आणि साहेब मागच्या सीटखाली. नुसती पाठ दिसत होती, पण शर्टावरून बायकोनं ओळखलं. सराफ कट्ट्याजवळच्या दोघी जावा, कन्याकुमारीचा सासूबाईंचा फोटो कुणी काढला यावरून उभा जन्म भांडत आल्या होत्या. सासूबाईंच्या चष्म्यातून निघाला एक शेंगदाणेवाला. त्या दिवसापासून जावांची गट्टी झाली, असं म्हणतात.

एवढ्या सगळ्या उत्साहात एकच बाई त्या स्टुडिओवरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायची. शैलजा आवटी. 'आवटी चष्मेवाले' या दुकानाच्या मालकीणबाई. दुकानाचे मालक नंदकुमार आवटी जाऊन सात वर्षं झाली होती, आणि त्यांच्याइतका फोटो काढण्याचा नाद गावात दुसऱ्या कुणाला नव्हता. बदामी, मुन्नार, अंदमान, जैसलमेर. दरवर्षी दुकानाला कुलूप लावून नवरा, बायको आणि एकुलती एक लेक गार्गी निघायची. घरात फोटोंचा ढीग होता. सगळ्या फोटोंत शैलजाबाई आणि गार्गी. नंदकुमार कुठंच नाहीत.

"आई, रविवारी बाबा येणार आहेत," गार्गीनं दारात पाऊल ठेवताच जाहीर केलं.

गार्गीला सातवा महिना होता. रविवारी तिचं डोहाळजेवण. पुण्याहून नवरा अद्वैत तिला सोडायला आला होता आणि बॅगा आत नेत होता.

"कोण बाबा?" शैलजाबाईंच्या हातातला भाकरतुकडा तसाच राहिला.

"माझे. किती आहेत मला? रझियाशी बोललेय मी. बाबांच्या कॅमेऱ्याची सगळी कार्डं तिला देणार. त्यांना बाहेर काढायचं, आपल्या दोघींच्या शेजारी उभं करायचं आणि भिंतीएवढा फोटो करून झोपाळ्याच्या मागे लावायचा."

"आधी आत तर ये. ओवाळू दे."

"विषय बदलू नको."

"बदलत नाहीये. पुढे ढकलतेय," शैलजाबाई म्हणाल्या आणि भाकरतुकडा ओवाळून टाकायला अंगणात गेल्या. तिथे मात्र त्या नको तेवढा वेळ उभ्या राहिल्या.

त्या घाबरल्या होत्या, आणि त्याचं कारण त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या.

कारण साधं होतं. तिघांचा फोटो काढायचा नसतो. शैलजाबाईंच्या माहेरी ताटात तीन पोळ्या वाढत नसत, तिघांनी मिळून शुभकार्याला निघत नसत, आणि तिघांचा फोटो तर मुळीच काढत नसत. मधला माणूस जातो, असं त्यांची मावशी सांगायची, आणि सांगताना मधल्या बोटावर टिचकी मारायची. लग्न होऊन मिरजेला आल्या, चांगल्या शिकलेल्या, दुकानाचा सगळा हिशेब त्या बघायच्या. पण ती टिचकी काही डोक्यातून गेली नाही. गार्गी झाली आणि घरात माणसं झाली तीन. नंदकुमारांनी पहिल्याच सहलीत म्हटलं, "शैला, कुणाला तरी देऊ कॅमेरा, तिघांचा काढेल." बाईंनी असा काही चेहरा केला की तो विषय तिथंच मिटला. नंदकुमार हसले, म्हणाले, "बरं, मग मी काढणारा. माझं काय, मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच असतो."

पुढची सगळी वर्षं हे असंच चाललं. हात लांब करून सेल्फी काढायलाही ते तयार नसत. "एसटीत दांडा धरल्यासारखा दिसतो माणूस," म्हणायचे.

आणि मग जैसलमेर. वाळूच्या टेकडीवर एका उंटवाल्यानं नंदकुमारांच्या गळ्यातला कॅमेरा हौसेनं मागून घेतला. शैलजाबाई नको नको म्हणेपर्यंत त्यानं बटण दाबलंसुद्धा. एका बाजूला गार्गी, एका बाजूला त्या, मधे नंदकुमार. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो बघून नंदकुमार पोरासारखे खूश झाले. "हा मोठा करून दुकानात लावू. आणि बघ, शैला, अजून जिवंत आहे मी."

दिवाळीच्या आत ते गेले. दुकानात गिऱ्हाइकाला चष्म्याची काडी बसवून देता देता मेंदूत रक्तस्राव झाला.

दिवसकार्य झाल्यावर शैलजाबाईंनी कॅमेरा उघडला आणि तो एक फोटो पुसून टाकला. गार्गीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "उंटवाल्याचं बोट आलं होतं त्यात." त्या दिवसापासून एक गोष्ट त्या मनाशी धरून बसल्या होत्या, की त्यांनी त्या दिवशी उंटवाल्याच्या हातावर फटका मारून कॅमेरा काढून घेतला असता, तर नंदकुमार आज काउंटरमागे असते.

आणि आता ही मुलगी भिंतीएवढा तिघांचा फोटो करायला निघाली होती. पोटुशी मुलगी.

मंगळवारी सकाळी त्या गार्गीबरोबर स्टुडिओत गेल्या. एकटीला सोडण्यापेक्षा समोर असलेलं बरं, असा हिशेब.

रझिया मुल्लाणी तिशीतली, उंच, केसांत पेन खोचलेली. पुण्यात प्रकाशशास्त्रात डॉक्टरेट करून आलेली. तिचे वडील पूर्वी याच खोलीत लग्नाचे फोटो धुवायचे. आता तिथे एक कपाटाएवढं यंत्र होतं आणि समोर पांढरी भिंत.

"बसा काकू. चहा मागवू? घाबरू नका, हे चावत नाही."

"घाबरतंय कोण," शैलजाबाई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या. "पण एवढा खटाटोप कशाला? आता तर फोन सांगितलं की फोटोत कुणालाही घालून देतो. आमच्या शेजारच्यांनी सगळं खानदान एव्हरेस्टवर नेऊन ठेवलंय. आजेसासूबाई नऊवारीत."

"तसा केला होता मी एकदा," गार्गी म्हणाली. "आईनं बघितला आणि म्हणाली, ह्यांचे दात इतके सरळ नव्हते."

रझिया हसली. "तोच तर फरक आहे. ती यंत्रं बनवतात, हे शोधतं. काकू, डोळ्याच्या काळ्या भागावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, पारपटल. तो बाहेर फुगलेला असतो आणि वर ओलावा. म्हणजे काय झालं? घासलेल्या चमच्याच्या मागच्या बाजूसारखा आरसा. तुम्ही जिकडे बघता तिकडचं अख्खं दृश्य त्यावर उमटतं. फोटो काढताना माणूस कुणाकडे बघतो?"

"काढणाऱ्याकडे."

"मग काढणारा त्याच्या डोळ्यावर उमटलेला असतोच. फोटो निघाला की हाही त्यात निघाला. फक्त इतका बारीक, की फोटो कितीही मोठा केला तरी चार ठिपके दिसतील. इथवर पूर्वीच्या लोकांनाही ठाऊक होतं. अडत होतं ते पुढे." रझियाचा आवाज आता भरभर चालू लागला, चहा आला आणि तिच्या हातात तसाच राहिला. "एका डोळ्यातले चार ठिपके काही सांगत नाहीत. पण दोन माणसांचे चार डोळे, एकामागून एक काढलेले दहा फोटो, शर्टाचं बटण, स्टीलचा डबा, गाडीचं दार, चष्मा, प्रत्येकानं त्या माणसाकडून आलेला थोडा थोडा प्रकाश परतवलेला असतो. हे यंत्र ते सगळे तुकडे गोळा करतं, प्रत्येक आरसा किती वाकडा होता ते मोजतं, तो वाकडेपणा उलटा फिरवतं आणि तुकडे एकावर एक बसवतं. आणि आमचा एक नियम आहे. जिथे प्रकाशानं काही आणलंच नाही, तिथे काळं सोडायचं. मनानं भरायचं नाही. परवा एकांचे आजोबा निघाले, डावा कान नाही. नाही तर नाही."

तिनं बदामीचा फोटो लावला. लेण्यातली सावली, लाल दगडाचा खांब, खांबाला टेकून सहा वर्षांची गार्गी आणि तरुण शैलजाबाई. यंत्र घुमायला लागलं. गार्गी खुर्चीच्या कडेवर आली. पांढऱ्या भिंतीवर आधी धुकं, मग धुक्यात दोन पाय, मग पट्टीपट्टीचा शर्ट.

"तो शर्ट," शैलजाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "मी घेतला होता. आवडला नव्हता त्यांना."

मग कोपर निघालं. मग खांदे. आणि खांद्यांच्या वर एक भलामोठा काळा कॅमेरा.

गार्गीनं मान वाकडी करून कॅमेऱ्यामागे डोकावून बघितलं.

"हे बाबा?" गार्गी म्हणाली.

"बाबाच. मानेपर्यंत," रझिया म्हणाली. "डोळ्याला कॅमेरा लावलाय ना. काही काढणारे हौशी असतात, मधेच मान बाहेर काढून बघतात. तसा एखादा क्षण सापडला पाहिजे."

गार्गी हिरमुसली. शैलजाबाईंचा मात्र जीव भांड्यात पडला, आणि पडल्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला. "जाऊ दे गं. नशिबात नाही म्हणायचं."

"सगळी कार्डं ठेवून जा," रझिया म्हणाली. "बघते मी एकेक. आणि हे बघ, सापडले तर मांडणी अशी करू." तिनं रिकाम्या जागी एक करडी आकृती ठेवली. करडी आकृती, शेजारी गार्गी, पलीकडे शैलजाबाई.

गार्गी मधे.

"तीन होतात," शैलजाबाई म्हणाल्या. आवाज जरा मोठाच आला.

"आई, परत ते सुरू करू नकोस."

"मी काही सुरू केलं नाही. मी मोजलं."

"असं? मग आत्ता मोज. तू, मी आणि हे," गार्गीनं पोटावर हात ठेवला. "सकाळी अद्वैतनं आपल्या दोघींचा फोटो काढला. तो दोघींचा झाला की तिघांचा? आणि मधे कोण, सांग बरं."

रात्रीपर्यंत शैलजाबाई उत्तर शोधत होत्या, आणि शोधताना आणखीच घाबरत होत्या.

गुरुवारी दुपारी गार्गी आडवी झाली आणि अद्वैत मंडपवाल्याशी बोलत बसला, तेव्हा शैलजाबाई 'फुलं सांगून येते' म्हणून बाहेर पडल्या. आज रस्ता ओलांडला नाही. सरळ स्टुडिओत शिरल्या.

"रझिया, एक काम कर माझं. गार्गीला सांग की जमलं नाही. कार्डं खराब झाली म्हण. काहीही म्हण."

रझिया भिंतीकडे पाठ करून उभी होती. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा. "काकू, उशीर केलात," ती म्हणाली. "सापडले."

"कुठं?"

"आधी मला सांगा, सहलीला गेल्यावर तुम्ही गॉगल लावायचात, तो कुणी दिला?"

"ह्यांनीच. चांदीसारख्या काचांचा. मला कधीच आवडला नाही. माशीसारखी दिसते म्हणायचे मी. पण ह्यांचा हट्ट. एक फुटला की लगेच दुसरा, तसाच."

"आणि फोटो काढताना काय म्हणायचे?"

"मान जरा डावीकडे. हनुवटी खाली. आता हलू नको, शैला." बाईंना सांगता सांगता जुना राग आला. "जीव नकोसा करायचे. आणि एवढं करून फोटो कसा, तर खालून काढल्यासारखा. सगळ्या फोटोंत माझ्या नाकपुड्या. गार्गीसुद्धा ताडासारखी उंच दिसते."

"का खालून, कळलं का?" रझियानं बटण दाबलं. "कॅमेरा छातीशी होता म्हणून."

भिंतीवर मुन्नारचा चहाचा मळा आला. गार्गी दोन वेण्यांची, शैलजाबाई गॉगलवाल्या. चित्र गॉगलकडे सरकलं. काच मोठी होत गेली, काचेतली वाकडी टेकडी सरळ झाली, ढग जागेवर गेले, आणि टेकडीच्या बरोबर मधोमध, कॅमेरा पट्ट्यावर ताणून छातीशी धरलेला, मान मोकळी, मिशा अजून काळ्या, समोरचा एक दात तिरका, नंदकुमार आवटी उभे होते. हसत होते. कुठं बघत होते? कॅमेऱ्यात नाही, गार्गीकडे नाही. सरळ काचेत. आपल्याच बायकोच्या गॉगलमध्ये, आपलं हसू नीट आलं की नाही ते बघत.

शैलजाबाई खुर्ची न बघताच बसल्या. खुर्ची होती म्हणून बरं.

"हा एकच नाही," रझिया म्हणाली. तिला आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "जिथे जिथे तुम्ही गॉगल लावलाय, तिथे तिथे आहेत. अंदमान बघा. हम्पी बघा. इथे टोपी घातलीय. इथे वाकुल्या दाखवतायत. काकू, ते तुमचा फोटो जमवत नव्हते. मान डावीकडे म्हणजे सूर्याची तिरीप काचेवरून जावी म्हणून. हनुवटी खाली म्हणजे स्वतःचं डोकं काचेच्या मधे यावं म्हणून. चष्म्याचा धंदा. कुठली काच किती वाकवली की कुठं काय उमटतं, हे त्यांना तोंडपाठ असणार. आरसा जमवत होते ते."

भिंतीवरून वर्षं सरकत होती. मिशा पिकल्या, मग गेल्या. कपाळ मोठं होत गेलं. न आवडलेला पट्टीपट्टीचा शर्ट पुन्हा पुन्हा येत होता. एवढा घालत होते तर आवडला नाही म्हणायचे कशाला? शैलजाबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी आवरेना. सबंध संसारभर ज्या माणसाला त्यांनी फोटोत येऊ दिलं नाही, तो त्यांच्याच नाकावर बसून प्रत्येक फोटोत येत होता.

"लबाड," त्या म्हणाल्या. "लबाड माणूस. एका शब्दानं बोलला नाही."

आणि हसता हसता थांबल्या. हिशेबाची बाई ती. मनात मोजणी सुरू झाली होती. गार्गी एक, आपण दोन, आणि हा तिसरा. म्हणजे मुन्नार तिघांचा. अंदमान तिघांचा. हम्पी तिघांचा. गार्गी दूध पीत होती तेव्हापासून सगळेच्या सगळे फोटो तिघांचे. आणि कुणाला साधा ताप आला नव्हता.

"रझिया," त्यांनी हळूच विचारलं, "जैसलमेरला... तिथेही असेच?"

रझिया जराशी घुटमळली. "तेच दाखवायचं होतं. त्या कार्डावर एक फोटो पुसलेला होता. पुसला म्हणजे जात नाही, काकू. दारावरची पाटी काढतात फक्त; घरात माणसं असतातच. मी पाटी परत लावली. विचारायला हवं होतं का?"

उत्तर यायच्या आत भिंत सोनेरी झाली. वाळूची टेकडी. डावीकडे गार्गी, ओढणी उडालेली. उजवीकडे शैलजाबाई, एक हात उंटवाल्याला थांबवण्यासाठी उचललेला. आणि मधे नंदकुमार, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, आणि समोर असूनही बघतायत बायकोकडे.

सात वर्षं जो फोटो डोळे मिटल्यावर दिसायचा, तो उघड्या डोळ्यांनी शैलजाबाई पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

"मी पुसला होता," त्या म्हणाल्या. "तिघांचा होता म्हणून. मधे हे होते आणि..." रझिया मिरजेतच वाढलेली. पुढचं तिला सांगायला लागलं नाही. तिच्या आजीच्या घरीही तीन पोळ्या वाढत नसत.

ती उठून शैलजाबाईंच्या खुर्चीजवळ खाली बसली. "काकू, गॉगल बघा ना तुमचा."

"नको. त्यात आता कोण असणार? हे तर समोर आहेत."

"बघा तर."

गॉगल मोठा झाला. वाकडं आभाळ सरळ झालं. आणि काचेत अवतरला तो उंटवाला. डोक्यावर भलंमोठं लाल पागोटं, कॅमेरा पोटाशी उलटासुलटा धरलेला, जीभ दातांत पकडलेली. त्याच्या खांद्यावरून उंटानं मान पुढे काढून दात दाखवले होते, जणू आपल्यावाचून फोटो निघतोच कसा.

"आता मोजा," रझिया म्हणाली.

"गार्गी, हे, मी..." शैलजाबाईंचं बोट भिंतीवर फिरलं आणि गॉगलवर जाऊन थांबलं. "हा चौथा."

"उंट सोडून."

"उंट सोडून," त्या म्हणाल्या. बोट तसंच हवेत होतं. दुकानाच्या हिशेबात चूक सापडली की त्या अशाच थांबायच्या, आणि मग एका दमात पान खोडायच्या. "थांब हं. म्हणजे दोघींचे म्हणून काढले ते तिघांचे, आणि तिघांचा म्हणून पुसला तो चौघांचा. फोटो म्हटला की काढणारा आलाच. मग मावशी ज्या फोटोची भीती घालायची..."

"तो मोजायचा कसा, हेच कुणाला ठाऊक नव्हतं."

शैलजाबाईंनी पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसलं, आणि रुमाल झटकून परत घडी घातला. सात वर्षांचं ओझं असं रुमालात मावेल हे त्यांना खरं वाटत नव्हतं.

"फुलं सांगायची राहिली," त्या उठत म्हणाल्या. "आणि हे बघ, भिंतीवर तो करडा माणूस लावायचा नाही. हाच लावायचा. उंटासकट."

रविवारी झोपाळ्याच्या मागे भिंतभर जैसलमेर पसरलं होतं. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत गार्गी आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"हा... यात तर बोट आलं होतं ना?"

"नव्हतं आलं," शैलजाबाई म्हणाल्या. "खोटं बोलले होते. का, ते जेवण झाल्यावर सांगते. आधी गॉगलमध्ये बघ."

गार्गी पुढे झाली, गॉगलमधला उंट दिसला आणि ती इतकी हसली की पोट धरून झोपाळ्यावर बसली. मग शेजारी टांगलेली मुन्नार, अंदमान, हम्पीची रांग तिनं बघितली. तिरका दात, वाकुल्या, टोपी. तेव्हा मात्र ती रडली, आणि रडताना एकच म्हणत राहिली, "होते की. सगळीकडे होते की."

ओटी भरली. पेढा की बर्फी झालं, पेढा निघाला. मग रझियानं कॅमेरा उचलला आणि अद्वैत गार्गीशेजारी येऊन उभा राहिला. शैलजाबाईंनी त्याला दंडाला धरून सरकवलं आणि दोघांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

पुण्याहून आलेल्या विहीणबाई अलकाताई लगबगीनं पुढे झाल्या. "अहो शैलजाताई, तिघांचा नका काढू. आणि मधे तुम्ही? आज शुभ दिवशी कशाला?"

"तिघं कुठं?" शैलजाबाईंनी कमरेला खोचलेला बटवा उघडला. "पोटातलं धरा, चार. रझिया धरा, पाच. आणि तुम्ही तिच्या मागे जरा उजवीकडे उभ्या राहा, म्हणजे सहा."

"मी? मी कशी येणार फोटोत? मी तर मागे आहे."

शैलजाबाईंनी बटव्यातून चांदीसारख्या काचांचा गॉगल काढला, पदरानं पुसला आणि नाकावर चढवला. जरीच्या शालूवर तो माशीच्या डोळ्यांसारखा चमकायला लागला.

"रझिया, कॅमेरा खाली घे. छातीशी धर. हं, आता हस." त्यांनी स्वतःच मान जरा डावीकडे केली, हनुवटी खाली घेतली. "दिसतेस का नीट?"

"दिसतेय, काकू."

"मग काढ."